खुशाली सांगणाऱ्या ताई

आमच्या शाळेत सहलीला मोबाइल न्यायला बंदी होती. ती इतकी वर्षं टिकली ती आपल्या शिस्तीमुळे, असं मोठ्या बाईंना वाटायचं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. दर पालकसभेत त्या मान ताठ करून सांगायच्या की दुसऱ्या शाळांची पोरं सहलीला जाऊन स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतात, आमची पोरं झाडं बघतात. पालक माना डोलवायचे. खरं म्हणजे बंदी टिकली होती ती ऑफिसातल्या ताईंमुळे, आणि ताई ती कशाच्या जोरावर टिकवत होत्या हे आम्हा दोघातिघांनाच ठाऊक होतं.

मी तिथे प्रयोगशाळेत मदतनीस आहे. परीक्षानळ्या धुणं, बर्नर पेटवून देणं, काचेच्या कपाटातला सांगाडा महिन्यातून एकदा पुसणं ही माझी कामं. पोरं मला गॅसकाका म्हणतात. प्रयोगशाळेत बसून डबा खाल्ला तर जेवणाबरोबर आणखी काय पोटात जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मी दुपारी ऑफिसात जाऊन ताईंच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर डबा उघडायचो. त्यामुळे त्यांचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं माझ्या कानावर पडलं.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. काचेची खिडकी, काचेत फी भरायला ठेवलेलं भोक, मागे फायलींची कपाटं, झेरॉक्सचं एक हट्टी मशीन आणि टेबलावर वायरचा फोन. एरवी तो फोन कोणी फारसा वापरत नसे. सहलीच्या दिवशी मात्र तो सकाळपासून ठणाणा करायचा. मुलांकडे मोबाइल नाहीत, बरोबर गेलेल्या बाईंचा नंबर पालकांना द्यायचा नाही असाही मोठ्या बाईंचा नियम, मग जीव टांगणीला लागलेले आईबाप फोन करणार कुठे? तर ताईंना.

ताई आधी एका मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर होत्या. तिथे त्यांना एकच वाक्य बोलायची परवानगी होती: माहिती नाही, डॉक्टर सांगतील. आत कोणी सुधारतोय की संपलाय, त्यांना कळलेलं असलं तरी बोलायचं नाही. त्या वाक्यावर माणसं पायऱ्यांवर बसून कशी वाळून जातात हे त्यांनी पाहिलं होतं. त्या मला म्हणाल्या होत्या की ती नोकरी सोडली त्या दिवशी ठरवलं, पुन्हा कोणाला ‘माहिती नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही.

शाळेत आल्यावर पहिल्या एकदोन सहलींना त्यांनी इमानदारीत सांगितलं की बाईंचा फोन अजून आला नाही, आला की कळवते. त्याचा परिणाम असा झाला की एक आई ऑफिसात येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडत राहिली, आणि एका मुलाचे वडील घरी राहिलेला डबा द्यायला मोटरसायकल काढून बसच्या मागे सुटले. वळणावर घसरले, पाय मोडून घेतला. मुलगा तिकडे दुसऱ्याच्या डब्यात जेवून मजेत होता. ते गृहस्थ पुढे कुबड्या घेऊन फी भरायला आले तेव्हा ताईंच्या काळजात चर्र झालं. त्या दिवसापासून त्यांनी खुशाली सांगायला सुरुवात केली.

त्यांची एक पद्धत होती. सहलीच्या सकाळी बस सुटताना त्या बसच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि चढणाऱ्या प्रत्येक पोराला निरखून घ्यायच्या. कोणी काय घातलंय, कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोण रुसलंय, कोणाच्या बुटाची नाडी सुटलीय. मग ऑफिसात येऊन फोनजवळ बसायच्या. पहिला फोन वाजला की उचलून म्हणायच्या, ‘हो हो, आत्ताच बाईंशी बोलणं झालं. पोचली सगळी. तुमचा लेक ना, हिरवी टोपी घालून पुढे पुढे करतोय.’ पलीकडून सुस्कारा ऐकू यायचा. टोपी खरी असायची, बाकी सगळं ताईंचं.

दुपारी ‘डबा संपवला हो, दोन घास मित्रालाही दिले.’ संध्याकाळी ‘निघालीय बस, पेंगायला लागलीत सगळी.’ आणि गंमत म्हणजे ते सगळं बरोबरच निघायचं. पोरं सहलीला जाऊन करणार काय? पुढे पुढे करणार, खाणार, पेंगणार. मी डबा खाता खाता हसायचो. एकदा म्हणालो की ताई, तुम्ही ज्योतिषाचं दुकान टाका. त्या म्हणाल्या, ‘हसा. तुमच्या घरचं कोणी त्या बसमध्ये नाही म्हणून हसताय.’ पालकांनी त्यांचं नाव खुशालीताई पाडलं आणि ते मोठ्या कौतुकाने घेतलं जायचं.

घरीही त्यांचं तेच. दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे म्हातारे वडील. वडिलांची स्मृती गेलेली. रोज संध्याकाळी ते विचारायचे की धाकट्याचा फोन आला होता का. धाकटा म्हणजे ताईंचे काका, ते कधीच वारलेले. ताई चपला काढता काढता सांगायच्या की आला होता, खुशाल आहेत, तुमची चौकशी करत होते. म्हातारा समाधानाने जेवायला बसायचा. यात कोणाचं काय वाईट झालं, असा त्यांचा मला सवाल असायचा.

वाईट हळूहळू होत होतं, ते कोणाला दिसत नव्हतं. सहलीला जाणाऱ्या शिक्षकांनी पोचल्यावर ऑफिसला फोन करायचा, हा नियम कागदावर होताच. पण पन्नास पोरं मोजायची की फोन करायचा? एकदा एकाने विसरून बघितलं, काही बिघडलं नाही. दुसऱ्याने मुद्दाम विसरून बघितलं. मग शिक्षकांच्या खोलीत ते ठरूनच गेलं की फोनची गरज नाही, ताई बघतात. नव्या शिक्षकांनाही तेवढंच सांगितलं जायचं. ताई नक्की काय बघतात, हे कोणी कोणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी सहावीची सहल घोड्यांच्या एका मोठ्या फार्मवर गेली. बरोबर नव्या बाई होत्या, नोकरीला जेमतेम एक वर्ष झालेल्या. त्या वर्गात एक मुलगी होती, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी. तिला घरीदारी सगळे टिल्लू म्हणायचे. तिला दमा होता. छातीत घुरघुर सुरू झाली की तोंडात औषधाचा फवारा मारायचा पंप ती दप्तरात ठेवायची, आणि तो कसा वापरायचा हे ती दुसऱ्या पोरींना मोठ्या ऐटीत दाखवायचीसुद्धा. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई एका लाँड्रीत पहाटेच्या पाळीला जायची, म्हणून सहलीची पिशवी त्या दिवशी वडिलांनी भरली. डबा घातला, पाण्याची बाटली घातली, टोपी घातली, स्वेटर घातला. पंप टेबलावर राहिला.

पोरीला पोचवून, घरी येऊन ते कामाची अवजारं घ्यायला लागले तेव्हा त्यांना तो दिसला. त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला. हे बोलणं मला नंतर ताईंनीच सांगितलं, शब्दन् शब्द, आणि एकदा नव्हे, पुष्कळदा सांगितलं.

ते म्हणाले, ‘ताई, टिल्लूचा पंप घरीच राहिला. मी गाडी काढतोय. बस कुठवर गेली असेल?’

ताईंना तो आवाज ओळखीचा होता. बाप लोकांचा हा आवाज त्यांनी किती वेळा ऐकला असेल. कोणाची उलटीची गोळी राहायची, कोणाचा चष्मा राहायचा, आणि ज्याचं राहिलं त्याला दिवसभरात आठवणही यायची नाही. शिवाय कुबड्या घेतलेला तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘आत्ताच बाईंचा फोन येऊन गेला. पोर मजेत आहे. खिडकीशी बसलीय, गाणी म्हणतेय. तुम्ही धावाधाव करू नका, रस्ता वाईट आहे. गरज पडलीच तर बाई मला कळवतील, मी लगेच तुम्हाला कळवते.’

‘श्वास लागला नाही ना?’

‘अहो, गाणी म्हणतेय.’

एवढ्यावर त्या माणसाने गाडीची किल्ली ठेवली आणि अवजारांची पेटी उचलली. त्या दिवशी त्यांना एका उंच इमारतीत काम होतं. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, दोरांजवळ, दोन मजल्यांच्या मध्ये उतरून करायचं काम. तिथे मोबाइलला रेंज येत नाही.

दुपारी मी डबा उघडला होता. फोन वाजला, ताईंनी उचलला आणि सवयीने ‘हो हो’ म्हणाल्या. पण फार्मच्या ऑफिसातून कोणी माणूस बोलत होता. कितीतरी वर्षांत सहलीवरून आलेला तो पहिला खरा फोन. पोरं वाळक्या गवताच्या गंज्यांवर उड्या मारत होती, धूळ उडाली, एका मुलीला श्वास लागला. तिने पिशवी उपसली. मग पुन्हा उपसली. पंप विसरला म्हणून बाई रागावतील या भीतीने ती बराच वेळ कोणाला बोललीच नाही, एका कोपऱ्यात वाकून बसून राहिली. बाईंना कळलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. बाईंच्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती. फार्मच्या जीपमधून नेताहेत, हॉस्पिटल लांब आहे, वडिलांना कळवा.

ताईंनी वडिलांचा नंबर फिरवला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा फिरवला. मी घास हातात धरून बघत होतो. त्यांचं बोट नंबर फिरवत राहिलं आणि ओठ हलत राहिले. मग मी उठलो, लिफ्ट कंपनीला फोन लावला, त्यांनी त्या इमारतीच्या वॉचमनला लावला, वॉचमन पळत वर गेला. माणूस बोगद्यातून बाहेर आला तोवर पोर रस्त्यातच गेली होती.

आठवडाभराने पालकांची सभा झाली. हॉल गच्च भरला होता आणि विषय एकच होता, मुलांना सहलीला मोबाइल द्यायचा की नाही. एक गृहस्थ उठून म्हणाले की पोरीकडे मोबाइल असता तर ती आज जिवंत असती. दुसरे म्हणाले, रेंजच नव्हती तर मोबाइल काय कपाळाला लावायचा होता? त्यावर तिसऱ्या बाई चवताळून म्हणाल्या की वाटेवर तर रेंज होती ना, बापाने बसमध्येच तिला फोन केला असता. मोबाइल हरवतील, चोरीला जातील, पोरं नको ते बघतील, एकमेकांचे फोटो काढून छळतील, हेही सगळं बोलून झालं. सगळेच तावातावाने बोलत होते. मला त्या सगळ्यांचा राग येत होता, कारण पोरगी गेली होती दुसऱ्याची आणि हे आपापल्या पोरांचं बोलत होते.

मग टिल्लूचे वडील उठले. कामाच्याच कपड्यांत होते. त्यांची बायको त्यांच्या शेजारी बसली नव्हती, चार रांगा मागे बसली होती. पिशवी कोणी भरली यावरून त्या घरात बोलणं बंद झालं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणाले, ‘मी निघालोच होतो. मला सांगितलं की बाईंचा फोन आला, पोरगी ठीक आहे. म्हणून थांबलो. बाईंनी तिच्याकडे न बघताच ठीक आहे म्हणून सांगितलं.’

नव्या बाई उठल्या आणि म्हणाल्या की मी फोन केलाच नव्हता. हॉलमध्ये एकच गलका झाला. एक पोर गेली आणि वर खोटं बोलते, असं कोणी तरी मोठ्याने म्हणालं. बाईंनी आपला मोबाइल पुढे केला, बघा म्हणाल्या. त्यावर मागून आवाज आला की पुसून टाकायला कितीसा वेळ लागतो. मोठ्या बाई मधे पडल्या नाहीत. त्या पोरीसारख्या बाईचा तिथेच निकाल लागणार होता, हे उघड दिसत होतं.

ताई भिंतीशी, पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर कोणाला काही कळलं नसतं. आम्ही कोणी बोललो नसतो. आमच्यापैकी प्रत्येकाला आपली नोकरी प्यारी होती.

त्या म्हणाल्या, ‘बाई खरं बोलतायत. फोन आला नव्हता.’

वडिलांना ते कळलंच नाही. ते ताईंकडे वळून म्हणाले, ‘मग ती गाणी म्हणतेय, हे तुम्हाला कसं कळलं?’

‘कळलं नव्हतं. मी सांगितलं.’

मग पुढच्या रांगेतली एक आई चाचरत म्हणाली की मागच्या वर्षी माझ्या मुलाने डबा संपवला म्हणून तुम्ही सांगितलं होतं. ताई म्हणाल्या की तेही मीच. आणखी एकाने विचारलं, दोन वर्षांपूर्वी, पोहायच्या तलावावर? तेही मीच. मग कोणी विचारलं नाही. जो तो आपापल्या आठवणीतला एकेक फोन काढून बघत होता आणि प्रत्येकाचा चेहरा उतरत होता. वडील मात्र बसले नाहीत. ते उभेच राहिले, सभा संपून माणसं उठायला लागली तरी.

पुढच्या सहलीपासून मोबाइल न्यायला परवानगी मिळाली. नव्या बाईंनी वर्ष संपायच्या आधीच शाळा सोडली. ताईंना मोठ्या बाईंनी काढलं नाही, कारण काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिलं तर आपण इतकी वर्षं काय मिरवलं हेही त्यात आलं असतं. त्यांनी ताईंना तिथेच राहू दिलं. पालक खिडकीशी यायचे, पैसे आत सरकवायचे, पावती घ्यायचे आणि ताईंकडे न बघता जायचे. खुशालीताई हे नाव पुन्हा कोणाच्या तोंडी आलं नाही. घरी म्हाताऱ्याने धाकट्याची चौकशी केली तर त्या आता म्हणायच्या की बाबा, काका गेले. म्हातारा दर संध्याकाळी नव्याने रडायचा. मी त्यांना म्हणालो, अहो, त्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?

मोबाइलवाली पहिली सहल गेली त्या दिवशी मी नेहमीसारखा डबा घेऊन ऑफिसात गेलो. सकाळपासून फोन एकदाही वाजला नव्हता. आईबाप परस्पर पोरांशी बोलत होते, फोटो मागवत होते, आणि त्या वायरच्या फोनची कोणाला आठवणही नव्हती. ताई त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

तेवढ्यात टिल्लूचे वडील दारात येऊन उभे राहिले. सभेनंतर ते शाळेत आलेच नव्हते. खंगले होते, दाढी वाढली होती. माझ्या हातातला घास तसाच राहिला, मला वाटलं आता ते ताईंच्या अंगावर जाणार, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते खुर्चीवर बसले. कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

मग म्हणाले, ‘ताई, मी भांडायला आलो नाही. एकच विचारायचंय. तुम्ही बस सुटताना दारात उभ्या राहून सगळ्या पोरांना बघायचात म्हणे. तिच्या मैत्रिणींना विचारलं, एक म्हणते मधे बसली होती, एक म्हणते मागे. बाईंना आठवत नाही. गाणी राहू द्या. पण ती खिडकीशी बसली होती का? तेवढं तरी खरं होतं का?’

मी ताईंकडे बघितलं. हो म्हणा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. त्या माणसाला दुसरं काहीही नको होतं. घरी कोणी बोलायला नव्हतं. डोळे मिटल्यावर पोर बघायला एक जागा हवी होती, एवढंच तो मागत होता.

ताई म्हणाल्या, ‘मला माहिती नाही. त्या दिवशी झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकला होता, मी तो काढत बसले होते. बस सुटली तेव्हा मी दारात नव्हते. मी तिला पाहिलंच नाही.’

ते ‘बरं’ म्हणाले, उठले आणि निघून गेले. पायऱ्या उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला होता.

माझा संताप झाला. इतकी वर्षं हिने उठताबसता थापा मारल्या आणि जिथे एक थाप मारायची होती तिथे हिला खरं सुचलं. मी डबा आपटून बंद केला आणि म्हणालो, ‘काय गेलं असतं तुमचं हो म्हणायला?’

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

‘त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला असता, भाऊ,’ त्या म्हणाल्या.